हनुवटी उचलण्याचा हक्क



काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर बोलणं झालं आणि आज गोचीड, चिखल्या आणि कानातला पू घेऊन एक पशुवैद्य तुमच्यापुढे उभा आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पडवीत कायम दोन-चार कुत्री पसरलेली असायची असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेवढ्या आधारावर मी हे आमंत्रण स्वीकारलं.

विषय छोटा आहे. भित्र्या कुत्र्याला माणसाचा हात लावून घ्यायला कसं शिकवायचं, इतकाच. पण कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत तो छोटा राहत नाही, आणि त्याचं कारण पाऊस आहे. घाटाच्या पायथ्याला ढग अडतात आणि जून ते सप्टेंबर इथे काय कोसळतं ते तुम्हाला मी सांगायला नको. जनावरांच्या डॉक्टरला तो पाऊस जरा निराळा दिसतो. पहिल्या सरींनंतर गवत उठतं आणि त्याबरोबर गोचीड उठतात, मागोमाग गोचीडताप. कान आतून दमट राहतात, त्यात बुरशी धरते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कुठे काट्याने जरा ओरखडलं की माशी बसते आणि दोन-तीन दिवसांत जखमेत किडे वळवळू लागतात. बांधावर फुरसं असतं, घोणस असते. यातल्या बहुतेक दुखण्यांवर औषध आहे आणि ते फार महागही नाही. अडतं ते एवढ्यावरच, की औषध हातात असतं आणि कुत्रा हातात नसतो.

मग काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चौघं जण गोठ्याच्या कोपऱ्यात त्याला कोंडतात, अंगावर पोतं टाकतात, एक जण मानेवर गुडघा देतो. तेही जमलं नाही तर लांबूनच जखमेवर फिनेल नाहीतर पेट्रोल ओततात. किडे मरतात, पण भोवतालची जिवंत कातडीही भाजून निघते. आमच्या वाड्यांवरच्या जुन्या बायका सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरतात, तो त्या फिनेलपेक्षा शंभर पटींनी बरा. मात्र पाला भरायलाही कुत्रा जवळ यावा लागतो.

कुत्र्याकुत्र्यांत फरक आहे. आळीतलं कुत्रं दहा घरी खातं आणि त्याला पळायला दहा वाटा असतात. ठाकूरवाडीतलं, कातकरवाडीतलं कुत्रं माणसांबरोबर रानात हिंडतं. त्याला हात नवा नसतो, सुई तेवढी नवी असते. अडचण वाढली ती फार्महाऊसच्या कुत्र्यांची. नेरळपासून कडाव-कशेळ्यापर्यंत आणि तिकडे चौकपासून खोपोलीच्या आसपास मुंबई-पुण्याच्या मंडळींनी जागा घेतल्या. जागा आली की राखण आली, राखण आली की कुत्रा आला. मालक शनिवारी येतात आणि रविवारी रात्री एक्सप्रेसवेला लागतात. मधले दिवस कुत्रा आणि केअरटेकरचं कुटुंब. दिवसा साखळी, रात्री मोकळा, असा त्याचा दिनक्रम. त्याच्या आयुष्यात माणसाचा हात मानेजवळ येतो तो दोनच कामांसाठी: सकाळी साखळी अडकवायला, आणि डॉक्टर आल्यावर धरायला. हा हात आला की मोकळेपण संपलं, हा हिशेब कुत्रा फार लवकर शिकतो, आणि तो चुकीचाही नसतो.

हा हिशेब जुना आहे. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली, ती पोलिस भटकी कुत्री मारत होते म्हणून. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं, तेव्हा दारात बसलेली पाळीव कुत्रीही ओढून नेली जात. त्यानंतर कायदे बदलले. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आला, २००१ मध्ये आणि नव्याने २०२३ मध्ये जन्मनियंत्रणाचे नियम आले, मारण्याऐवजी निर्बीजीकरण आणि लस हे धोरण ठरलं. तरी कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर गाडी, जाळी आणि धावत येणारी माणसं हे चित्र तेच राहिलं. लस टोचायला आलेली गाडी आणि मारायला आलेली गाडी यांतला फरक त्याला कोण सांगणार?

आता घाबरलेला कुत्रा ओळखायचा कसा. दात दाखवणारा, गुरगुरणारा सगळ्यांना कळतो. न कळणारा तो, ज्याच्याबद्दल मालक सांगतात, "डॉक्टर, तसा गरीब आहे हो, काही करत नाही." मी पाहतो तर त्या गरिबाची शेपटी पोटाखाली, कान मागे चिकटलेले, डोळ्यांचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतोय, खायला दिलं तर तोंड फिरवतोय, झोप नसताना जांभया देतोय, नाकावरून जीभ फिरवतोय, आणि अंग लाकडासारखं. तो काही करत नाही हे खरं, कारण काही करून उपयोग नाही हे त्याने शिकून घेतलंय. असाच कुत्रा एखाद्या दिवशी ‘अचानक’ चावतो. अचानक काही नसतं. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना असते. गुरगुरल्याबद्दल काठी खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हण ज्याने काढली त्याला कधी टाके पडले नसावेत.

कशेळ्याच्या बाजूच्या एका फार्महाऊसवरचं उदाहरण सांगतो. कुत्र्याचं नाव टायगर, आणि त्या नावाला शोभेल असं त्याच्यात काहीच नव्हतं. पिल्लू असताना कुणीतरी गळ्यात नायलॉनची दोरी बांधली. पिल्लू वाढलं, दोरी वाढली नाही. ती कातडीत रुतली आणि वरून केस आल्याने कुणाला दिसली नाही. वास यायला लागला तेव्हा कळलं. मला बोलावलं तेव्हा मानेभोवती गोल जखम होती आणि एका बाजूला किडे. पहिलं काम भूल देऊनच केलं. दोरी कापली, किडे वेचले, जखम धुतली. त्यात संमतीचा वगैरे प्रश्न नव्हता. जीव वाचवायचा होता. प्रश्न दुसऱ्या दिवशी सुरू झाला. जखम रोज धुवायला हवी होती आणि रोज भूल देता येत नाही.

केअरटेकरची बायको ठाकूर समाजातली, गुरांत वाढलेली. मी पद्धत सांगितली ती तिने माझ्यापेक्षा चांगली राबवली. टोमॅटोचं रिकामं कॅरेट उपडं ठेवलं आणि त्यावर गोणपाटाची घडी. ती शेजारी जमिनीवर बसली, कुत्र्याकडे तोंड करून नव्हे, जरा तिरकी. वाटीत सुकट. बाजारातली सुकट खारट असते म्हणून धुऊन, पुन्हा वाळवलेली. गोणपाटाच्या पलीकडून सुकट दाखवली की टायगर मान पुढे काढायचा आणि हनुवटी गोणपाटाला लागायची. लागली की ती ‘हां’ म्हणायची आणि सुकट द्यायची. पहिले काही दिवस एवढंच. मानेकडे हात गेलाच नाही. पाच-सात घास झाले की कॅरेट उचलून ठेवायचं. अजून हवं असतानाच खेळ संपवायचा, हे मला तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

मग हनुवटी टेकवून तो थांबू लागला. एक श्वास, दोन श्वास. त्यानंतर तिने दुसरा हात फक्त हवेत उचलला, कुत्र्यापासून वावभर लांब. हनुवटी टेकलेली राहिली तर ‘हां’ आणि सुकट. मग हात खांद्यावर. मग मानेच्या चांगल्या बाजूला एका बोटाचा स्पर्श. नियम एकच, आणि तो कुत्र्याला माहीत असावा म्हणून आपण कधीही मोडायचा नाही: हनुवटी टेकलेली म्हणजे चालू द्या, हनुवटी उचलली म्हणजे हात मागे. उचलल्याबद्दल रागावणं नाही, चुचकारणंही नाही, सुकट पुढे करून भुलवणं तर मुळीच नाही. नुसतं बसून राहायचं. तो परत येतो, हनुवटी ठेवतो, आणि मग आधीच्यापेक्षा सोप्या पायरीवरून पुढे जायचं.

ओल्या कापसाशी गाडी अडली. कापूस आणला की टायगर उठून पडवीखाली जायचा. मला वाटलं औषधाचा वास. ती म्हणाली, "डॉक्टर, तो औषधाला नाय भीत, कागदाला भीतो." कापसाच्या गुंडाळीला निळा कागद असतो ना, तो उलगडताना जो कुरकुर आवाज होतो, तो भुलीच्या दिवशी त्याच्या कानाशी झाला होता. तिने कापूस आत स्वयंपाकघरात सोडवून, गोळे करून वाटीत आणायला सुरुवात केली. कापूस चालला. कागदाचा आवाज तिने नंतर वेगळा शिकवला: खोलीच्या त्या टोकाला कागद कुरकुरला की या टोकाला सुकट. जखम भरून आली तेव्हा आयोडीनची बाटली पाहून टायगर स्वतःच कॅरेटपाशी येऊन उभा राहू लागला होता.

मधे एकदा घोळ झाला. शनिवारी मालक आले. त्यांना कौतुक वाटलं आणि कौतुकाच्या भरात त्यांनी त्याची मान दोन्ही हातांत घेऊन कुरवाळली. रविवारी कॅरेट पाहून टायगर पुन्हा पडवीखाली. यात मालकांचा दोष फारसा नाही. कुत्रा आपला आहे असं ज्याला वाटतं त्याला हात लावावासा वाटतोच. पण पगार कोण देतो याची कुत्र्याला कल्पना नसते. भाकरी कोण घालतो एवढंच त्याला कळतं. म्हणून फार्महाऊसच्या मालकांना माझं सांगणं असतं की हे काम केअरटेकरच्या घरातल्या ज्या माणसाचा हात सर्वांत संथ, त्याला द्या. त्याबद्दल पगारात चार पैसे वाढवा. आणि शनिवारी तुम्ही लांब खुर्ची टाकून बसा, काही करू नका. हे ‘काही न करणं’ शहरातल्या माणसाला फार जड जातं.

आता यामागचं शास्त्र. इंग्रजीत याला कोऑपरेटिव्ह केअर म्हणतात, आणि ते सुरू झालं कुत्र्यांपासून नव्हे, पाण्यातून. डॉल्फिनला पट्टा घालता येत नाही, साखळी बांधता येत नाही. नको वाटलं की तो पोहत पलीकडे जातो. वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी प्राण्यांना बक्षिसाने शिकवण्याची पद्धत व्यवसायात आणली, आणि हवाईतल्या सी लाइफ पार्कमध्ये १९६३ पासून करेन प्रायर डॉल्फिनना शिट्टी आणि मासा एवढ्यावर शिकवू लागल्या. त्यांचं पुस्तक १९८४ सालचं, ‘डोन्ट शूट द डॉग’. मग प्राणिसंग्रहालयांनी ते उचललं. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये बोंगो नावाच्या बुजऱ्या आफ्रिकन हरणांना खोक्यात स्वतःहून उभं राहून रक्त काढू द्यायला शिकवलं, त्याचा अहवाल १९९८ सालचा आहे. रानातलं हरीण जर सुई लावून घेतं, तर दहा हजार वर्षांहून अधिक काळ आपल्या उकिरड्याशी राहिलेला कुत्रा का घेणार नाही?

त्याही आधी, १९२४ साली, मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची भीती घालवली होती. मूल आवडीचं खात असताना ससा खोलीच्या टोकाला ठेवायचा, आणि मुलाला सोसेल तेवढाच जवळ आणायचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला पूर आला आणि पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. कुत्री वाचली, पण त्यांतली काही पुढे बराच काळ बदललेली राहिली. आधी शिकलेलं विसरली, आणि नंतर दाराखालून पाण्याचा ओघळ आत येताना दिसला तरी बिथरायची. उल्हास नदीच्या काठाला राहणाऱ्या आपल्याला हे पटवून द्यायला नको. २००५ चा २६ जुलै आपण पाहिला. २७ जुलै २०१९ ला वांगणी आणि बदलापूरच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी होती. त्या दिवसांनंतर पावसाचा जोर वाढला की पलंगाखाली शिरणारी कुत्री या तालुक्यांत आहेत, आणि खरं सांगायचं तर माणसंही आहेत.

पण मला ज्या प्रयोगाबद्दल बोलायचंय तो १९६७ चा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. प्रयोग क्रूर होता आणि आज कुणी तसा करणार नाही, करू नये. मात्र त्यातून जे कळलं ते टाकून देण्यासारखं नाही. काही कुत्र्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना एक फळी होती. ती डोक्याने दाबली की झटका थांबायचा. दुसऱ्या गटाला नेमके तेवढेच, तेवढ्याच वेळाचे झटके मिळाले, पण त्यांची फळी कशालाच जोडलेली नव्हती. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधलं बुटकं कुंपण ओलांडलं की सुटका होती. फळी चालणारी कुत्री उडी मारून निघून गेली. फळी न चालणाऱ्यांतली बहुतेक तिथेच पडून कण्हत राहिली. वेदना दोघांची सारखीच. फरक पडला तो ती थांबवणं आपल्या हातात आहे की नाही, एवढ्याने.

टायगरची हनुवटी म्हणजे ती चालणारी फळी. ‘तसा गरीब’ कुत्रा म्हणजे दुसऱ्या गटातला. आणि म्हणून सुकटीपेक्षाही हनुवटी उचलण्याचा हक्क मला महत्त्वाचा वाटतो. सुकट तर आपण चौघांनी धरलेल्या कुत्र्याच्याही तोंडात कोंबू शकतो. तो खातो की नाही ते निराळं. ‘थांब’ म्हटल्यावर माणूस खरंच थांबतो असा अनुभव कुत्र्याला आला, की ‘थांब’ म्हणण्याची गरज कमी कमी होत जाते. सुरुवातीला टायगर दर क्षणाला हनुवटी उचलायचा. आपलं चालतंय का, हे तपासत होता तो. चालतंय म्हटल्यावर तपासणं सोडलं.

इथे दरवेळी कुणीतरी उठून विचारतं: इतके लाड कशाला? बैलाला कुणी विचारलं होतं? प्रश्न रास्त आहे. लसीकरणाला गुरं आली की मीही ती खोड्यात घेतो. पण गोठ्यातली धार काढणारी बाई विचारल्याशिवाय काम करत नाही, हेही मी पाहिलंय. नवखा हात लागला, कुणी ओरडलं, की गाय पान्हा चोरते. भीतीने अंगात अॅड्रेनलीन येतं आणि पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं; मग कितीही ओढा, कासेतलं दूध कासेत. म्हणून वासरू आधी लावायचं, पाठीवरून हात फिरवायचा, पुढ्यात आंबोण ठेवायचं. माथेरानला नालबंद काम करताना कधी पाहा. घोड्याच्या वजनापुढे माणसाचं काय चालणार? तो खांद्यावरून हात खाली नेतो, घोडा पाय देतो, आणि तो जरा अंग टाकू लागला की नालबंद पाय सोडून उभा राहतो. मी कुत्र्याबद्दल नवीन काही मागत नाही. कुत्रा लहान असल्यामुळे त्याला दाबता येतं, एवढ्यामुळेच त्याच्या बाबतीत आपण हे सोडून दिलं.

करून पाहणाऱ्यांसाठी काही बारीक गोष्टी. सर्वांत जास्त घोळ क्रमाचा होतो. आधी स्पर्श, मग खाऊ. लोक उलटं करतात: आधी खाऊ दाखवतात आणि कुत्रा खायला लागला की चोरून कान पकडतात. दोन-चारदा असं झालं की कुत्रा खाऊ पाहूनच पळतो, कारण खाऊ म्हणजे आता काहीतरी वाईट होणार. इंग्लंडमधले प्रशिक्षक चिराग पटेल यांनी यासाठी बादलीचा खेळ लोकप्रिय केला. खाऊ शेजारच्या छोट्या बादलीत ठेवायचा. कुत्रा बादलीकडे पाहतोय तोवर काम चालू, नजर हटली की काम बंद. हनुवटीच्या जागी नजर, तत्त्व तेच. ज्या कुत्र्याची मान किंवा जबडाच दुखतोय त्याला हे बरं.

खाऊ चांगला हवा. बिस्किट त्याला चहाच्या टपरीवर फुकट मिळतं, त्यासाठी तो इंजेक्शन का सोसेल? उकडलेली कोंबडी, अंड्याचा बलक, सुकट. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि कांदा नको. कांदा घातलेला रस्साही नको.

तोंडाच्या जाळीची सवय आधी लावा, गरज पडायच्या आधी. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या तळाला चमचाभर दही लावा आणि डबा धरून बसा. कुत्र्याने नाक आत घालायचं. आपण डबा त्याच्या नाकावर ढकलायचा नाही. तो डब्यात रमला की डब्याच्या जागी जाळी. कापडी पट्टीने जबडा आवळायची पद्धत मला आवडत नाही, कारण कुत्र्याला घाम फारसा येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. मेमधल्या दुपारी जबडा बांधून ठेवणं धोक्याचं आहे. पिंजऱ्यासारख्या जाळीतून धाप टाकता येते, पाणी पिता येतं आणि सुकटही घेता येते.

नखांचं म्हणाल तर कातळावर, डांबरीवर हिंडणाऱ्या गावठी कुत्र्याची नखं आपोआप झिजतात. बघायचं ते आतल्या बाजूचं, वरचं नख. ते जमिनीला लागत नाही, वळून कातडीत घुसतं. गावठी कुत्र्याची नखं बहुधा काळी, आतली शीर दिसत नाही, त्यामुळे कापताना रक्त येतं आणि सगळी मेहनत पाण्यात. त्यापेक्षा सुताराकडून एक फळी घ्या, तिच्यावर जाडा पॉलिश पेपर चिकटवा, आणि पुढच्या पायांनी ती ओरबाडायला शिकवा. कुत्रा आपली नखं आपण घासतो. आतलं नख मात्र फळीवर घासत नाही, ते नंतर हळूच कानशीने.

इंजेक्शनची तयारी घरीच करता येते. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडायची, हे आधी. मग चिमटीत धरून पेनाच्या टोपणाने टोचायचं. मग सुई नसलेली सिरिंज, तिचा टकटक आवाज, स्पिरिटचा ओला बोळा. शेवटची सुई डॉक्टरची. कानात घालायची बाटली आधी मुठीत धरून कोमट करा. गार थेंब कानात पडला की आपणही दचकतो. आणि भित्र्या कुत्र्याच्या मागे धावू नका. नामदेवांच्या कथेत कुत्रा पोळी घेऊन पळतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावतात. भक्ती म्हणून ती थोरच, पण कुत्र्याच्या डॉक्टरचा सल्ला असा की तूप जमिनीवर ठेवावं आणि नामदेवांनी चार पावलं मागे सरकून पाठ फिरवून बसावं.

आता जिथे हे चालत नाही ते. सर्पदंश झालाय, हाड मोडलंय, जखमेत किडे आहेत, तिथे महिनाभर हनुवटीचे धडे देत बसायचं नसतं. तिथे जाळी, चादर, भूल, जे लागेल ते वापरा. फक्त एक पाळा: ती धरपकड शिकवण्याच्या जागेवर करू नका. कॅरेट आणि गोणपाट त्या दिवशी आत ठेवा, धरायचं ते अंगणाच्या दुसऱ्या बाजूला धरा. कॅरेटवर हनुवटी उचलली की माणूस थांबतो, हा शब्द एकदा मोडला तर पुन्हा बसवायला फार काळ जातो. फार तीव्र भीती असलेल्या कुत्र्यांना पशुवैद्य औषधही देतात. ते कमीपणाचं नाही, पण डोस माणसांच्या गोळ्यांवरून अंदाजाने ठरवू नका.

आणि रेबीज. रेबीजने जगात जे मृत्यू होतात त्यांतले एक तृतीयांशाच्या आसपास आपल्या देशात होतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, आणि लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे लस न दिलेल्या, अनोळखी, किंवा ज्याची वागणूक एकाएकी बदलली आहे अशा कुत्र्यावर हा खेळ खेळायचा नाही. लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, म्हणून घशात हाड अडकलं असेल असं समजून तोंडात हात घालू नका. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. जखम खोल असेल तर सीरमही लागतं, ते विचारून घ्या. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेने सरकारच्या साथीने गावोगाव कुत्र्यांना लस टोचली आणि माणसांतला रेबीज जवळजवळ संपवत आणला. घरच्या माणसाने हातात धरलेल्या कुत्र्याला लस चुटकीसरशी देता येते; न धरता येणाऱ्यामागे जाळी घेऊन धावावं लागतं. आपल्याकडे लसीकरणाची शिबिरं होतात तेव्हा हेच दिसतं. लस पुरते, हात लावू देणारी कुत्री पुरत नाहीत.

मे अर्धा संपलाय. पावसाला तीनेक आठवडे आहेत, आणि तेवढ्यात सगळं होणार नाही. मानेपासून सुरू करू नका. कानापासून करा, कारण जुलैत तुम्हाला आधी कानच लागणार आहेत. दिवसातून दोनदा, भाकरी घालायच्या आधी, दोन-तीन मिनिटं.

दवाखान्यात येताना पहिल्यांदा तरी उपचारासाठी येऊ नका. नुसतं वजन करायला या. सकाळी गुरांची गर्दी असते, दुपारनंतर या. गेटपाशी थांबा, कुत्र्याला जमीन हुंगू द्या, काट्यावर चढला तर चढला, नाहीतर पुढच्या वेळी. फी लागणार नाही. माझ्या टेबलावर बिस्किटं आहेत, पण त्यांचं काय करायचं ते मी मघाशी सांगितलंय, तेव्हा सुकट तेवढी घरून आणा.